खोट्या पेशंटचं नाव

राउरकेला

प्रिय कॅजिटन,

येशू तुला आणि घराला सांभाळो.

आठवतं, शाळेतून आलो की आई आपल्याला एकाच ताटात पेज वाढायची आणि तू माझ्या बाजूचं सुकट पळवायचास?

मी बरी आहे. इथल्या दवाखान्याच्या नोंदी जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या एका मोफत, सर्वांना खुल्या प्रणालीवर ठेवतात. तिला जोडायचा एक छोटा प्रोग्राम, मॉड्यूल म्हणतात त्याला, मी या वयात लिहायला शिकतेय. पेशंट वारला की घरच्यांना आपोआप मेसेज जातो. शिकवणारी गिरिजा म्हणाली होती, "मॅडम, आधी खोटं नाव, खोटा नंबर घालून बघा." मला खोटं सुचेना. तुझं नाव घातलं, आईचा नंबर घातला. पहिल्याच खेपेला चाललं, मेसेज खरंच आईच्या फोनवर गेला. मी टाळ्या वाजवल्या.

तू तेव्हा मासेमारीला बोटीवर होतास. उत्तनला परतून तुला महिना झाला, पण आई हल्ली सगळं विसरते, तिच्या डोक्यात तेवढा मेसेजच राहिलाय. तुझी व्हेनेसा सांगत होती, रोज सकाळी ती तुलाच विचारते, "कोन रं तू? माजा कॅजिटन न्हाय आता." तू नीट जेवतोस ना?

मला मात्र ती फोनवर ओळखते. म्हणते, "बरं झालं बाय, तू कलवलंस."

तुझे कपडे वाटायचा हट्ट करते, तर अडवू नकोस. लग्नाचा सूट तुमच्या लेकाला, गेविनला दे, रेनकोट बोटीवरच्या ईश्वरला. निळा शर्ट तू स्वतः तिच्यापुढे हात पसरून माग. कुणी गरीब समजून ती देईल.

तुझीच,
कार्मिन