एकच नोट, वेगळी महागाई

मंगळवार, दिवेलागण

आज नातीचा फोन आला! जर्मनीत शिकून राह्यली माही पोर. म्हणे, "आजी, इकडं कितीक देशांत एकच नोट चालते, पण महागाई कुठं कमी, कुठं जास्त."

"काहून वं?"

"मजुरी सगळीकडं सारखी वाढत नाही ना!"

मले आपली कापूस-वेचणी आठवली. ज्या गावात बाया कमी, तिथं मजुरी चढते. हातात पैसा आला का भज्यांचाही भाव चढते. रुपया तोच. तरी म्हटलं, "नाही समजलं, पुन्हा सांग."

तिनं तीनदा सांगितलं. "आजी, तू बी ना!" म्हणून हसली.

मले तर पहिल्याच खेपेला समजलं होतं. समजलं म्हटलं असतं, तर तिनं फोन ठेवला असता. मंग बोलाले कोण होतं घरात?