कोणती फाईल उतरवू

३ नोव्हेंबर, सोमवार
पुन्हा निळा पडदा, पुन्हा बंद. झेरॉक्सवाला शेषेराव म्हणाला, "अप्पा, विंडोज गेली. नवी या डब्यावर चालायची न्हाई. भंगारात द्या." अंबिका माझ्या शेजारीच उभी होती. तिनं ऐकलं.

तिचे डोळे गेले तेव्हाही पोरगी एवढी गप्प झाली नव्हती. हा लॅपटॉप तिला पुस्तकं वाचून दाखवायचा, तिनं टाईप केलेलं परत म्हणायचा – म्हणून तर ती बी.ए.ला पुन्हा बसली. परीक्षा तोंडावर आहे. सगळी पुस्तकं आतच अडकली.

४ नोव्हेंबर
नांदेडला भाच्याला फोन केला. संगमेश म्हणाला, "मामा, विंडोजच्या जागी लिनक्स टाका. फुकट हाय, अन् बोलतंय बी. वेबसाईटवरनं फाईल उतरवून घ्या."

मोबाईलवर साईट उघडली तर दोन बटणं. एएमडी ६४ आणि एआरएम ६४. लॅपटॉपवरचा स्टिकर पाहिला – इंटेल. एएमडी ही इंटेलच्या विरोधातली कंपनी, एवढं मला माहीत आहे. म्हणजे दुसरंच आपलं. महादेवाचं नाव घेऊन दाबलं.

७ नोव्हेंबर
मोबाईलचा रोजचा नेट संपला की फाईल अडते. आज कुठं पुरी उतरली. शेषेरावनं ती पेनड्राईव्हवर चढवून दिली. पेनड्राईव्ह लॅपटॉपला लावला – काही नाही. चालू करण्याजोगं काही सापडलं नाही, अशी इंग्रजी ओळ फक्त.

अंबिका म्हणाली, "अप्पा, कॉलेजातून नाव काढून टाका माझं." बायकोनं वाढलेलं ताट तिनं तसंच झाकून ठेवलं.

८ नोव्हेंबर
संध्याकाळी ती विहिरीच्या कट्ट्यावर बसली होती. जाऊन शेजारी बसलो. तिचा हात धरून ठेवला.

९ नोव्हेंबर
फोनवर सांगितलं तर संगमेश हसायलाच लागला. "नावावर काय जाऊन राहिले मामा? कुंभार गल्लीत काय कुंभारच राहतेत का? तशी चिप एएमडीनं आधी काढली म्हून नाव पडलं. इंटेलला बी तेच लागतंय. तुम्ही घेतलं ते मोबाईलसारख्या चिपचं."

मला हसू आलं नाही. माझ्या अडाणीपणात पोरीचे दिवस वाया गेले.

"अन् ऐका – इन्स्टॉल करू नका. ‘आधी चालवून बघा’ एवढंच निवडा. डिस्क पुसली तर तिची पुस्तकं जातील." मग त्यानं फोन अंबिकाला द्यायला सांगितला. ती नुसतं हं, हं म्हणत होती.

१२ नोव्हेंबर
या वेळी बरोबर फाईल. चित्र आलं! आणि गेलं. मग पडदा काळा. पुन्हा पुन्हा तेच. संगमेश फोन उचलत नाही.

लिंगपूजेला बसलो. मन लागेना. लॅपटॉप बंद करायचंही त्राण उरलं नाही. तसाच ठेवला.

१३ नोव्हेंबर
सकाळी अंबिका लॅपटॉपसमोर बसलेली. कानाला हेडफोन. पडदा काळाच. म्हटलं, "पोरी, ते चालत न्हाई."

तिनं एक कान मोकळा केला. "चालू हाय की अप्पा. संगमेशदादानं सांगितलेली बटणं दाबली. आवाज लई वंगाळ हाय, पण माझं पुस्तक वाचून राहिलंय."

"अगं, पण पडदा काळा हाय."

"असू द्या. मला काय करायचाय पडदा?"