मळ्यातल्या चुलीवर कोळंबी

१५ एप्रिल, मंगळवार

शहाद्याला डॉक्टरीणबाईंकडे. मी, सौ. आणि सूनबाई. सूनबाईला सहावा महिना संपत आला तरी वजन वाढायचं सोडून उतरलंय. बाईंनी झापलं, तेही मला. "आजोबा, एवढं पपईचं शेत आहे म्हणता आणि सून अशी?" पोटुशीला पपई देत नाहीत, हे मी बाईंना सांगायचं का?

पुढचं मात्र लागलं. "तिला आवडतं काय?" मी सौ.कडे बघितलं, सौ.नं माझ्याकडे. लग्नाला दीड वर्ष झालं, दोघांनाही माहीत नाही. शेवटी मानसीच खाली बघत बोलली, "मासे." सौ. पंख्याकडे बघायला लागली.

बाईंनी बजावलं, या तब्येतीत माहेरचा प्रवास नाही. आधी खाऊ दे, वजन चढू दे, मग पाठवा. नाहीतर दवाखान्यात भरती करून सलाईन.

१६ एप्रिल, बुध.

हर्णैहून विहीणबाईंचा फोन. गोड बोलतात, पण बोलायचं ते बोलल्याच. "तुमच्याकडचं तिखट तिला झेपत नसेल हो." म्हणजे आमच्या घरात पोर उपाशी राहिली. दिवसभर डोकं तापलेलं. ऊनही तसंच, पत्र्यावर पापड भाजून निघतील.

सौ.च्या गळ्यात माळ. स्वयंपाकघरात वशट येत नाही, आमच्या आईच्या वेळेपासून नाही. तरी म्हणाली, "डोहाये पुरा नही करात ते लेकरूना कान फुटस. पन मन्हा सयपाकघरमा ते येवाव नही." डोहाळे राहून बाळाचे कान फुटायला नकोत आणि घरही बाटायला नको. मुलानं, निलेशनं, तोड काढली, हॉटेलातून मागवू. मी म्हटलं, दापोलीला शिकायला गेलास तो तिथून बायको घेऊन आलास, स्वयंपाक शिकून आला असतास तर बरं झालं असतं.

मीच करणार. घरामागे मळ्यात कडुनिंबाखाली माझी चूल आहे, भांडी वेगळी आहेत. या पंचक्रोशीत कोणाच्याही कार्याला मटणाचं पातेलं मीच चढवतो आणि आजवर ते कधी भरलेलं परत आलं नाही. मासा तो काय, चार बोटांचं जनावर.

१८ एप्रिल, शुक्र.

लिहायला नको वाटतंय. लिहितो.

सारंगखेड्याच्या पुलाजवळून ताजा रोहू आणला. कांदा-खोबरं चांगलं काळं होईस्तोवर भाजलं, काळा मसाला घातला, मटणाला देतो तशी मंद आच दिली, झाकण ठेवून निवांत बसलो. उघडलं तर तर्री फर्मास आली होती. मासा नव्हता. काटे होते. धाकटा भाऊ बापू वाटी घेऊन तयारच. पळी तळापर्यंत फिरवली आणि विचारतो, "दादा, मासा कथा शे? परत तापीमा गया का?"

सूनबाईंनी एक घास खाल्ला. गिळला, हसल्यासारखं केलं, मग उठून गोठ्यामागे गेली. ओकारीचा आवाज इथवर आला. पातेलं भरलेलं परत. बापूनं भाकरी कुस्करून दोन वाट्या ओरपल्या, वर म्हणतो मसाला छान झालाय. त्याला हाकलला.

१९ एप्रिल, शनि.

जेवलो नाही. सौ. म्हणाली रुसायला तुम्ही काय नवरी आहात का.

सूनबाईंशी मी सरळ बोलत नाही. आमच्यात सासऱ्यानं सुनेशी बोलायची रीत नाही. 'तिला पाणी आणायला सांग' असं सौ.ला सांगायचं, पाणी सूनबाई आणते. ती तिकडची, तोंड भरून 'बाबा' म्हणते. मी 'हं' म्हणतो. तर आज तिचा निरोप सौ.मार्फत आला. नदीचा मासा नको, त्याला तिला चिखलाचा वास येतो. समुद्राची कोळंबी मिळाली तर बघा. काळा मसाला अजिबात नको. ओलं खोबरं, कैरी, असला तर शेवगा. आणि कोळंबी घातल्यावर पाच-दहा मिनिटं, बस.

दहा मिनिटं. दहा मिनिटांत आमच्याकडे चुलीला फुंकर मारून होत नाही.

पण कैरी आपल्याच झाडाला लगडलीय. शेवगा बांधावर आहे. दुपारी उधन्याला साडूला फोन केला. सुरतेत राहून मासळी बाजार माहीत नाही असं कसं होईल. आधी खो खो हसला. मंगळवारी येतो म्हणाला.

२१ एप्रिल, सोम.

मानसीनं दिवसभरात अर्धी भाकरी आणि ताक. संध्याकाळी ओट्यावर बसली होती, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. बघवत नाही.

नारळ आणला. देवघरातला नाही ना, दुकानातलाच ना, असं सौ.नं दोनदा विचारून घेतलं.

२२ एप्रिल, मंगळ.

सकाळच्या गाडीनं साडू दोंडाईच्याला उतरला, मांडीवर थर्माकोलचा खोका. "साडूभाऊ, एवढा गर्दीमा मले पुरी सीट भेटनी. लोके आपेआप दूर सरकी गयात." बर्फ अजून खडखडीत होता. मोटरसायकलवर खोका कवटाळून घर.

कोळंबी पहिल्यांदाच हातात घेतली. एवढ्याशा जिवाला किती मिशा. सौ. पदर नाकाला लावून मळ्याच्या वाटेवर अर्ध्यात उभी. सूनबाई मागच्या ओट्यावर, घराच्या सावलीत. तिनं सौ.ला सांगायचं, सौ.नं ओरडून मला. "ती म्हनस, पाठमाधला काया दोरा काढा." काढला. चिवट काम. बापूला बोलावला, तो तीन सोलून पळाला. हळद, मीठ, ठेचलेला लसूण चोळून ठेवली. कांदा परतला, काळा होऊ दिला नाही, हात शिवशिवत होता तरी. खोबरं, लाल मिरची, धणे यांचं वाटण. शेवग्याच्या शेंगा, मग कैरीच्या फोडी. आंबट वास सुटला तशी सूनबाई ओट्यावर सरळ होऊन बसली. ते मी पाहिलं.

कोळंबी टाकली. आता सौ.चा निरोप यायला लागला उशिरा. तिला उन्हाचा त्रास, त्यात वासाचा. "ती म्हनस झाकन नका ठेवा." ठेवलं होतं. काढलं. "ती म्हनस..." आणि पुढचं धुरात गेलं. मी काय, अजून एक उकळी देऊ म्हणून लाकूड आत सारणार, तेवढ्यात ओट्यावरूनच,

"बाबा, उतरवा. वळली असेल बघा ती, उतरवा आता."

उतरवलं. मला तर कच्चीच वाटत होती. ती स्वतः चालत आली, एक हात कमरेवर, आणि पातेल्यात डोकावली. आणि माझ्या तोंडून गेलं, "मानसी, मीठ बघ गं." दीड वर्षात पहिल्यांदा. सौ.नं पदर नाकावरून काढून माझ्याकडे बघितलं. साडूनं आणि बापूनंही. मेल्यांना दुसरं काही बघायला नव्हतं.

"मीठ बरोबर आहे," म्हणाली. "कैरी अजून एक चालली असती."

भात निंबाखालीच वाढला. सासऱ्यानं सुनेच्या ताटाकडे बघत बसू नये, मी बसलो. तिनं दोनदा भात घेतला. शेंग चोखून चोखून बाजूला ठेवली. मग काकडी मागितली, कच्चा कांदा मागितला. मागून घेतलं तिनं. मी विडी पेटवायला म्हणून बांधापर्यंत गेलो. विडी सोडून वर्षं झाली. डोळे भरून आले होते, दुसरं काय.

मी खाल्ली ती कोळंबी. बरी लागते. मटण ते मटण.

२६ एप्रिल, शनि.

साडूकडून दोन दिवसांआड खोका येतोय, ओळखीच्या कोणाबरोबर तरी. मानसीनं पापलेट तव्यावर शेकायला शिकवलं. आता सरळ बोलतो आम्ही. बोलतो म्हणजे भांडतो. ती म्हणते तेल कमी, मी म्हणतो तुमच्या समुद्राकडे तेल पिकत नाही का. ती हसते. सौ. म्हणते, एवढं माझ्याशी कधी बोलला नाहीत. खरं आहे.

काल काळा मसाला माशाला चिमूटभर लावून बघितला, गुपचूप. ओळखलं तिनं. ताट परत नाही केलं पण.

२९ एप्रिल, मंगळ.

डॉक्टरीणबाई खूष. वजन चढलं, रक्तही बरं. "आता माहेरी जायला हरकत नाही. गाडीतून, थांबत थांबत." मी म्हटलं, उत्तम. सौ.ही म्हणाली, उत्तम.

विहीणबाईंना कळवलं. त्या आज मनापासून बोलल्या. परवा मानसीचा भाऊ गाडी घेऊन येतोय. ती खायला लागावी म्हणून एवढा आटापिटा केला, आणि खायला लागली म्हणूनच चालली. पहिलं बाळंतपण माहेरीच, रीतच आहे. मला सगळं कळतं. तरी दुपारी मळ्यात जाऊन चुलीतली राख उगाच उपसत बसलो.

सौ. मागून आली. पहिल्यांदा त्या चुलीपर्यंत आली. "आते बोलता येस ना तुम्हले? मंग ईचारा तिले, ऱ्हास का आठे." इथे राहतेस का, एवढंच विचारायचं. विहीणबाईंनाच इकडे बोलावू, म्हणते. निलेशचीही तीच इच्छा, पण तो बोलणार नाही, माझाच पोरगा.

पन्ह्याचा पेला घेऊन गेलो. ती ओट्यावर फोनवर होती, आईशी. "...हो गं, बाबाच करतात. नाही, तुझ्यासारखी नाही होत. पण मी खाते ना." मला बघून पेला घेतला आणि थोडं सरकून बसायला जागा केली. बसलो. फोन संपला, पन्हं संपलं. हर्णैची संध्याकाळ कशी असते ते सांगत होती. होड्या येतात, आई टोपली घेऊन उभी असते, वगैरे. डोळे कसे लकाकत होते. विचारलं नाही.

उद्या आखाजी, अक्षय तृतीया. गावात झाडोझाडी झोके बांधलेत. उभ्या खानदेशातल्या लेकी आखाजीला माहेरी येतात, आणि मी एका लेकीला माहेरी जाऊ नको म्हणायला निघालोय. सौ. दुपारपासून माझ्याकडे बघतेय.

उद्या विचारू का?