शेवटचा कोपरा

बफेलो
रविवार, ११ जानेवारी १९८७
दुपारचे सव्वातीन

प्रिय वांडाताई,

स्वयंपाकघरात बसून वाकलेले खिळे सरळ करत होतो, ते बाजूला ठेवून लिहायला घेतलं. बाबा डुलकी काढताहेत. तुझी संत्री पोचली, एकही नासलं नव्हतं. इथे बर्फ खिडकीला टेकलाय. फोनवर सगळं बोलता येत नाही, बाबा शेजारीच असतात.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी गेनिया मावशी जेवायला होत्या. रिवाजाप्रमाणे नाताळच्या प्रसादाची पातळ पापडी मोडून एकमेकांना देत होतो, तेवढ्यात बैठकीत भिंत-छताच्या सांध्यावरची लाकडी नक्षीपट्टी धाडकन खाली आली. वरचा पाइप गळून मागचा गिलावा भिजला होता. कुणाला लागलं नाही. मावशी म्हणाल्या, "घ्या, सुताराच्याच घराचं छत बोडकं." बाबा हसले. मलाही बरं वाटलं, त्यांच्या हाताला काम मिळणार होतं.

गिलावा करून वाळू दिला आणि मोडलेल्या भागापुरती नवी पट्टी आणली. ही पट्टी उलटी धरून कापायची असते. कोपऱ्याचा तिरका काप घ्यायला ती ज्या पेटीत धरतात, तिचा तळ म्हणजे छत समजायचं. शाळा सोडून मी बाबांच्या हाताखाली गेलो तेव्हा मला हे कळेचना. ते म्हणायचे, "फ्लोरियन, डोक्यावर उभा राहा, म्हणजे कळेल." या वेळी त्यांनीच ती सुलटी धरली. कोपरा जुळेना. दुसरा तुकडाही तसाच गेला. लाकूड वाकडं आहे म्हणाले. बरेच तुकडे वाया गेल्यावर मी पेटीतली पट्टी उलटी केली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही.

"तुम्हीपण सुतारकाम करता वाटतं?"

मी हो म्हणालो. ताई, दुसरं काय म्हणणार?

त्यांना वाटतं, हे गिऱ्हाइकाचं घर आहे. मालकीणबाई कधी येणार, असं विचारतात. लांब भिंतीची पट्टी पुरी झाली त्या दिवशी त्यांनी भुसा झाडला, कोट चढवला आणि हत्यारांची पेटी घेऊन बाहेर पडले. मी त्यांना चर्चच्या वळणावर गाठलं. म्हणाले, "काम झालं. झोफिया जेवायची थांबली असेल." आईला जाऊन तीन वर्षं झाली हे मी सांगितलं नाही. एक कोपरा राहिलाय म्हणालो. लगेच मागे फिरले. अर्धं काम टाकून ते कधी गेले आहेत?

तेव्हापासून ते रोज सकाळी कोपरा लावतात आणि दुपारी ते झोपले की मी तो काढतो. संध्याकाळी टोपी हातात घेऊन मजुरीसाठी उभे राहतात. मी वीसची नोट देतो. जेवताना कधीतरी मला ओळखतात आणि तीच नोट माझ्या हातात ठेवतात, "आईला दे" म्हणून.

नोव्हेंबरात तू सरळ विचारलं होतंस. ते फक्त चष्मा विसरतात, असं मी म्हणालो. तेव्हाही ते चष्म्याएवढं नव्हतं. तू धर्मभगिनींच्या वृद्धाश्रमातल्या खोलीचं बोललीस आणि मी फोन ठेवून दिला. ती खोली अजून मोकळी आहे का?

पट्टीच्या त्या टोकाला आता इतकी भोकं झाली आहेत की लाकूड फार दिवस खिळा धरणार नाही. तू ये. तू आलीस की तो कोपरा मी पुन्हा काढणार नाही. ते कोट चढवतील तेव्हा सांगू, की त्यांना घरी न्यायला तू आली आहेस. माझ्याबरोबर ते येणार नाहीत. मी त्यांच्या लेखी गिऱ्हाइकाच्या घरातला माणूस आहे.

तुझा भाऊ, आणि मधूनमधून बाबांचा मुलगा,
फ्लोरियन

पट्टीला एकतीस डॉलर गेले, गिलाव्याला सहा. तू पाठवलेल्या पन्नासातले तेरा उरले. देणं एवढंच: बाबांची आजची मजुरी, वीस. नोट माझ्याच खिशात आहे.