लॅपटॉपमधील सुहासिनीचा आवाज न पुसण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य सेवा अधिकारी,
चंद्रवेध कॉम्प्युटर्स, ग्राहक सेवा केंद्र,
अंधेरी (पूर्व), मुंबई.

दिनांक : ११ ऑक्टोबर २०२५

विषय : दुरुस्तीसाठी जमा केलेला लॅपटॉप सोमवारी पुसून कोरा करू नये, याबाबत.

संदर्भ : आपल्या केंद्राकडून काल सायंकाळी मोबाईलवर आलेला संदेश.

अर्जदार : नंदकुमार धाकू घाडीगावकर, राहणार कांदिवली (पूर्व).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय अर्ज करतो तो येणेप्रमाणे :

१. मी दिंडोशी येथील न्यायालयाबाहेर टेबल टाकून अर्ज, प्रतिज्ञापत्रे व करारनामे टंकलिखित करून देण्याचा व्यवसाय करतो. लोक माझ्याकडे शिव्या घेऊन येतात, मी त्यांना सभ्य भाषेत परत पाठवतो. स्वतःसाठी अर्ज करण्याची वेळ आजवर आली नव्हती. या अर्जाचे आधीचे दोन मसुदे मी फाडून टाकले, कारण ते आपल्याला पाठवण्याच्या लायकीचे नव्हते. याही मसुद्यात भाषा कुठे घसरली, तर माणूस म्हणून समजून घ्यावे.

२. माझी पत्नी सौ. सुहासिनी हिला मज्जातंतूंचा आजार आहे. या आजारात स्नायू एकेक करून काम सोडतात आणि डोके मात्र लख्ख राहते. वाचा जाणार, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगून ठेवले होते. मागल्या वर्षी वाचा गेली. सुहासिनीचा आवाज कसा होता हे आमच्या सोसायटीत कोणालाही विचारावे. तिसऱ्या मजल्यावरून तिने एकदा हाक दिली, की गेटाबाहेर पडलेला भाजीवाला मुकाट्याने गाडी वळवून परत आत येई. ती मालवणचीच, रागावली की मालवणीत रागवायची, आणि घरात कोणी ऐकत नसले तरी शेजारी ऐकायचे.

३. आमची मुलगी रुचिरा संगणकाच्या नोकरीत आहे. आईची वाचा होती तोवर तिने रोज संध्याकाळी आईला समोर बसवून वाक्ये वाचून घेतली, मराठीत आणि मालवणीतही. त्या आवाजावरून तिने एक प्रोग्राम तयार केला. सुहासिनी एका बोटाने अक्षरे दाबते आणि लॅपटॉप तिच्या आवाजात बोलतो. थोडा सर्दी झाल्यासारखा वाटतो, पण तिचाच आवाज आहे. हा प्रोग्राम लिनक्सवर चालतो. लिनक्स ही संगणक चालवण्याची एक रीतसर, मोफत मिळणारी प्रणाली आहे. ती चोरीचा माल नव्हे. आपल्या केंद्रात हा शब्द उच्चारल्यावर दोघातिघांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यामुळे हे मुद्दाम नमूद करीत आहे.

४. जुना लॅपटॉप फार रखडू लागला, म्हणून गणपतीनंतर आपल्याच कंपनीच्या योजनेत जुना देऊन नवा घेतला. रुचिराने नव्यात लिनक्स घालून आईचा आवाज त्यात आणला. जुना आपल्या माणसांनी पुसून नेला. आवाजाची आणखी एक प्रत वेगळी काढून ठेवायची असे आमचे ठरले होते, ते दिवाळीच्या सुट्टीवर ढकलले गेले. रुचिरा या गोष्टीसाठी स्वतःला रोज बोल लावते. तेव्हा प्रत का काढली नाही, हा प्रश्न कृपया आपण तिला पुन्हा विचारू नये.

५. आता झालेला प्रकार. ज्या हत्यारावर माणसाचे चालते त्याची आमच्याकडे दसऱ्याला पूजा होते. वडील गिरणीत होते तेव्हा त्यांचा मागावरचा धोटा पाटावर असे. आता माझा कीबोर्ड असतो. यंदा सुहासिनीने स्वतःचा नवा लॅपटॉप मांडायला लावला. पूजेत मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कामाला लावत नाहीत. म्हणजे तिने दिवसभर बोलायचे नाही, असा त्याचा अर्थ होत होता. मी म्हटले, तुझा राहू दे. तिने ऐकले नाही. तिचे शेवटचे वाक्य, "हळद बेतान लावा, बटणां चिकटतली," असे होते. यापेक्षा काही मोठे बोलली असती तर मी ते इथे लिहिले असते.

त्या वेळी लॅपटॉपमध्ये आतले काही अद्ययावत होण्याचे काम चालू होते आणि तोवर बंद करू नका, अशी इंग्रजी सूचना पडद्यावर होती. रुचिरा झेंडूची फुले आणायला खाली गेली होती. मी आंघोळीला. माझी आई, श्रीमती रुक्मिणी, हिला वाचता येत नाही. देवासमोर मांडलेली वस्तू राबते आहे, तिला विसावा नाही, हे तिला बरे दिसले नाही. तिने बटण दाबले. उजेड जाईना, म्हणून जाईपर्यंत दाबून धरले आणि मग हात जोडले. चाळीत असताना शेजारणीच्या शिलाई मशीनचा पट्टासुद्धा ती त्या दिवशी स्वतः जाऊन उतरवून ठेवायची. आमच्या घरात दसऱ्याला हेच योग्य समजले जाते, आणि यात तिची काहीही चूक नाही.

६. संध्याकाळी लॅपटॉप सुरू केला. कंपनीचे चिन्ह आले, मग पडदा काळा झाला, पांढऱ्या इंग्रजी ओळी धावल्या आणि शेवटी एक रेघ लुकलुकत राहिली. सुहासिनी समोर बोट तयार ठेवून बसली होती. रुचिराने पेनड्राइव्हवर दुसरे लिनक्स घालून त्यावरून सुरू करून पाहिले. मशीनने ते परके म्हणून नाकारले. मग तिने सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट नावाचा जो पहारा असतो तो उठवला. तेव्हा पेनड्राइव्ह चालला आणि आतली डिस्क यादीत दिसली. रुचिराने माझे बोट धरून पडद्यावर टेकवले आणि म्हणाली, "बाबा, ही बघा, आई इथेच आहे." मात्र डिस्क उघडेना. सुरुवातीचा भाग दुरुस्त करण्याच्या आज्ञा देता देता पडदा गोठला, आणि त्यानंतर लॅपटॉपमध्ये दिवाही लागलेला नाही. यात डिस्क बोर्डालाच जोडलेली असल्याने ती काढून दुसरीकडे लावता येत नाही. नाहीतर मी आपल्या दारात आलो नसतो.

७. आपल्या काउंटरवरील कु. श्रुतिका यांनी सर्व नीट ऐकून घेतले, पाणी दिले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी नियम सांगितला तो असा, की ग्राहकाने मूळ प्रणाली काढून दुसरी घातली असेल तर आधी डिस्क पुसायची, मूळ प्रणाली बसवायची, आणि मगच दुरुस्ती. त्या संमतीपत्रावर मी सही केली नाही. काल आपला संदेश आला, की मुदतीत सही न आल्यामुळे संमती आहे असे समजून सोमवारी दुपारी डिस्क पुसण्यात येईल.

साहेब, माझे आयुष्य सह्यांच्या धंद्यात गेले. सही न करणे म्हणजे सही करणे, हे मी कोणत्याही न्यायालयाबाहेर ऐकलेले नाही. लॅपटॉप आमचा, आवाज तिचा आणि संमती तुमची तुम्हीच धरणार, ही कुठली पद्धत? फोनवर आपल्या एका कर्मचाऱ्याने मला धीर दिला, की काका टेन्शन घेऊ नका, मशीन एकदम नव्यासारखं करून देतो. नव्यासारखं नकोच आहे हो आम्हाला.

८. सध्या सुहासिनी पुठ्ठ्यावर लिहिलेल्या अक्षरांवर बोट ठेवून बोलते. अ वर बोट गेले की मला कळते, आता "अहो" म्हणायचे आहे. मी लगेच ओ देतो. पण ती हाक ऐकू येत नाही, आणि मी दुसऱ्या खोलीत असलो तर ती हाक मारली गेली हेसुद्धा मला कळत नाही. परवा अशीच ती बराच वेळ अ वर बोट ठेवून बसली होती. मी स्वयंपाकघरात होतो. तिला फक्त पंखा बंद करून हवा होता. मी पंखा बंद केला आणि मग जिन्यात जाऊन रडलो. हे अर्जात लिहायचे नसते हे मला ठाऊक आहे.

९. तरीही हा अर्ज माझ्यासाठी नाही. माझे भागेल. प्रश्न माझ्या आईचा आहे. झाला प्रकार तिला कळला तेव्हापासून ती बोलत नाही आणि धड जेवतही नाही. पहिल्या दिवशी एवढेच म्हणाली, "माझ्या हातान तिची वाचा गेली, आता मी खयच्या तोंडान बोलू?" सुहासिनीने तेव्हाच पुठ्ठ्यावर अक्षरे दाखवून कळवले, की आईंना सांगा, मला राग नाही. मी सांगितले. आई म्हणाली, "तू माझो झील, तू असाच सांगतलस." रुचिराने सांगितले, तिलाही तेच उत्तर. पुठ्ठा आईला वाचता येत नाही. सुहासिनीने तिचा हात हातात घेतला, पण या आजारात हसायला गेले तरी डोळ्यांतून पाणी येते, त्याच्यावर ताबा राहत नाही. आईने ते पाणी पाहिले आणि हात सोडवून घेतला.

रुचिराने मोबाईलमधल्या तयार आवाजात तेच वाक्य ऐकवून पाहिले. स्टेशनवर सूचना देणाऱ्या बाईसारखा स्वच्छ आवाज होता. आई म्हणाली, "ही खयची बाय? हिका आमच्या घरातला काय म्हायत?" आणि उठून गॅलरीत गेली. म्हणजे घरात दोन बायका आहेत, एकीला सांगायचे आहे आणि दुसरीला ऐकायचे आहे, आणि मधले यंत्र आपल्या कपाटात पडून आहे. आईचे वय आपण विचारात घ्यावे. तिला काही झाले आणि हे सांगायचे राहिले, तर सुहासिनी ते सोसू शकणार नाही, आणि मीही नाही.

१०. सबब प्रार्थना की, सोमवारची कार्यवाही थांबवावी, बोर्ड दुरुस्त करावा आणि डिस्कला हात न लावता लॅपटॉप जसा आहे तसा परत करावा. तसे लिहून द्यायचे असल्यास मी स्वतः मसुदा करून आणतो, सही करतो, हमी सोडतो, जबाबदारी घेतो.

हे नियमात बसत नसल्यास रुचिराला आपल्या तंत्रज्ञाच्या शेजारी बसू द्यावे. ती काही पळवून नेणार नाही.

आणि तेही बसत नसल्यास, पुसा. पण त्याआधी एकदा, फक्त एकदा, तो सुरू करण्याचा मनापासून प्रयत्न करावा. सोमवारी सकाळी आम्ही सगळे टॅक्सीने केंद्रावर येतो. सुहासिनीची चाकाची खुर्ची आपल्या दारातून आत जाते, हे मी मोजून आलो आहे. लॅपटॉप आपल्याच टेबलावर राहू द्या. ती एक वाक्य दाबेल, आई समोर बसून ऐकेल, आणि त्यानंतर मी आपल्या संमतीपत्रावर तिथल्या तिथे सही करीन. वाक्य काय ते सुहासिनीने आज ठरवून दिले आहे. आपल्या केंद्रात आक्षेपार्ह काही बोलले जाणार नाही याची खात्री पटावी म्हणून इथे देत आहे :

"आई, तुमची काय एक चूक नाय. मी रागावलंय नाय. आता जेवून घेवा."

सोमवारी दार उघडण्यापूर्वीच आपल्या पायरीवर हजर असलेला,

(सही)
नंदकुमार धाकू घाडीगावकर

सोबत :
१. लॅपटॉप जमा केल्याची पावती, छायाप्रत.
२. डॉक्टरांचा दाखला.
३. आई व पत्नी : सोमवारी समक्ष.