एकोणतीस सह्या

डोंबिवली पूर्व,
१९ ऑक्टोबर

प्रिय मृणाल,

तुझा मेसेज येऊन बारा दिवस झाले. मी वाचला हे तुला दिसलंच असेल, आणि उत्तर नाही म्हटल्यावर तुला वाटलं असेल, सोनलला आता आपली आठवण कशाला राहील. तू मागितलंस ते किती लहान होतं. बाबांची सही असलेला एखादा जुना कागद ऑफिसात असेल तर दे, लायसन्स आणि बॅज कोर्टात जमा आहेत, घरात त्यांच्या अक्षराचं काहीच उरलं नाही, ते गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला त्यांच्या फोटोपाशी ठेवेन. बस, एवढंच. तो कार्यक्रमही होऊन गेला. त्या दिवशी मी आंबिवलीला आले होते, तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. पांढऱ्या साडीतल्या केशरकाकू तुमच्या दारात उभ्या दिसल्या आणि मी तिथूनच मागे फिरले. आज हे कागदावर लिहितेय, कारण फोनवर लिहिलेलं मी अकरा वेळा पुसलं. तू मागितलेला कागद माझ्याकडे आहे. पण तो नुसता पाठवता येणार नाही, त्याच्याबरोबर हे सगळं वाचावं लागेल.

तुला आठवतं, माझे बाबा गेल्यावर बी.कॉम.ची पदवी घेऊन मी घरात नुसती बसलेले, तेव्हा तुझ्या बाबांनीच, जगनकाकांनी, गुणाजीशेठकडे माझ्यासाठी शब्द टाकला. काका त्यांच्याकडे अठरा वर्षं बस चालवत होते. शेठच्या नऊ बसेस, कल्याण-डोंबिवलीची माणसं उचलायची आणि शीळफाट्यावरून नवी मुंबईतल्या एका कंपनीत सोडायची, संध्याकाळी परत आणायची. ऑफिस मात्र खोपटला, एसटी डेपोच्या मागे पहिल्या मजल्यावर. पहिल्या दिवशी काका मला घेऊन आले आणि शेठला म्हणाले, "पोरगी हुशार आहे, तुमच्या कागदांची चिंता मिटली." ते अक्षरशः खरं झालं, मृणाल. फिटनेस, परमिट, इन्शुरन्स, पीयूसी, ड्रायव्हरचे बॅज, अग्निशामक नळकांड्याची तारीख, स्पीड गव्हर्नरचा दाखला, नऊ गाड्यांच्या नऊ फायली मी अशा लावल्या की शेठ पाहुण्यांना दाखवायचे. दर तीन महिन्यांनी कंपनीचे ऑडिटवाले यायचे. चहा प्यायचे, फायली चाळायचे, छान छान म्हणायचे. खाली गल्लीत बस उभी असायची, पण जिना उतरून तिच्यापाशी कधी कोणी गेलं नाही. एकदा मला त्यांनी स्टीलची बाटली बक्षीस दिली, "उत्कृष्ट नियमपालन" असं छापलेली. ती मी तुला दाखवायला आणलेली आणि काकूंनी त्यात कोकम सरबत भरून दिलेलं.

त्या फायलींमध्ये एक वही होती, रोजच्या तपासणीची. बस बाहेर काढण्याआधी ड्रायव्हरने ब्रेक, टायर, दिवे, संकटकालीन दार तपासायचं, प्रत्येकासमोर ठीक किंवा नादुरुस्त लिहायचं आणि सही करायची. नादुरुस्त लिहिलं की दुरुस्ती होईपर्यंत गाडी हलवायची नाही, असं कंपनीच्या करारातच होतं. वही खरी तर गाडीत हवी. पण गाडीत ठेवली की तिला ग्रीसचे डाग पडायचे, पानं दुमडायची, आणि ऑडिटला ते घाण दिसतं म्हणून मीच ती ऑफिसात ठेवायला लावली. शहाणी ना मी! मग काय झालं, सकाळच्या पाळीची माणसं पोचवून काका सहीसाठी खोपटला यायचे. पहाटे चारला उठलेला माणूस, आंबिवलीला घरी जाऊन चार तास झोपायचं ते सोडून जिना चढून एका सहीसाठी यायचा. डोळे लाल, हातात डबा. मला बघवेना. एका महिन्याच्या एक तारखेला मीच म्हटलं, काका, आख्ख्या महिन्याच्या सह्या आजच करून टाका, रकाने मी भरत जाईन, तुम्ही घरी जाऊन झोपा. त्यांनी आधी नको म्हटलं. म्हणाले, "उद्याच्या गाडीची आज काय गॅरंटी देऊ गं?" मी हसण्यावारी नेलं. मग इतर ड्रायव्हरही तसंच करायला लागले, कोणाला नको असतं? काकांच्या झोपेसाठी काढलेली ती पळवाट आहे, मृणाल. मला त्यांची काळजी होती. हे तू मानू नकोस हवं तर, पण मला एकदा तरी लिहायचं होतं.

ब्रेकचं ते खरंच सांगत होते. गेल्या वर्षी मार्चच्या शेवटापासून सांगत होते. गाडी ब्रेकला हवा धरत नाही, पायडल दोनदा दाबावं लागतं, उतारावर जीव मुठीत धरतो. मी शेठच्या कानावर घातलं. शेठ म्हणाले, "येत्या रविवारी टाकू गॅरेजला." रविवारीही फेऱ्या असायच्याच, रविवार आला की पुढचा रविवार. वहीत मात्र मी ब्रेकच्या रकान्यात रोज ठीक लिहीत होते, कारण नादुरुस्त लिहिलं तर गाडी उभी राहणार, गाडी उभी राहिली तर कंपनी विचारणार, आणि माझी फाईल खराब होणार. अकरा एप्रिलला सकाळी नऊला काकांचा फोन आला. मी तो खांद्याने कानाशी धरलेला, कारण हातात पेन होतं. ते सांगत होते, "सोनल, आज तर लईच झालंय, शेठला सांग संध्याकाळची फेरी दुसऱ्या गाडीनं करू दे." मी हो काका, सांगते काका म्हणत त्यांच्याच पानावर तीन दिवसांचं राहिलेलं ठीक, ठीक, ठीक लिहून काढत होते. शेठ त्या दिवशी एका साखरपुड्याला गेलेले. मी दोनदा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा मी लावला नाही. काकांना कळवलं की शेठ भेटत नाहीत, आजचा दिवस काढा. माणसं कामावरून घरी यायची थांबली असती, म्हणून त्यांनी काढला.

संध्याकाळी शीळफाट्याच्या अलीकडे काय झालं ते तुला माहीत आहे. पुढे सिग्नलला रिक्षा उभ्या होत्या, दुचाकीवर लहान मुलं होती, आणि काकांनी बस डावीकडे उभ्या ट्रेलरवर घातली. पुढच्या सीटवर रसिका बसलेली. तेवीस वर्षांची. रोज तिला स्टॉपवर यायला उशीर व्हायचा आणि काका दोन मिनिटं गाडी थांबवायचे, बाकीचे ओरडायचे. त्या दोन मिनिटांवरून काका नंतर किती रडले ते तूच मला सांगितलंस. एक दिवस न थांबता गेलो असतो तर पोरगी वाचली असती, असं म्हणायचे ना?

अपघातानंतर दोन दिवसांनी तू ऑफिसात आलीस. काका दवाखान्यात, पाय प्लास्टरमध्ये, बाहेर पोलीस. तू माझे दोन्ही हात धरून विचारलंस, बाबा म्हणतात ब्रेकचं रोज सांगत होतो, तुझ्याकडे कुठे काही लिहिलेलं आहे का गं? मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, नाही गं, रजिस्टरमध्ये तर सगळं ठीकच आहे. तू माझे हात सोडले नाहीस. उलट म्हणालीस, तू तरी काय करणार. ते तुझे शब्द मी दीड वर्ष उशाशी घेऊन झोपतेय.

काही दिवसांनी रजिस्टरची ओळख पटवायला पोलिसांनी मला बोलावलं. काकांनाही आणलेलं, कुबड्या घेऊन. साहेबांनी पान त्यांच्यापुढे सरकवलं आणि विचारलं, ही सही तुमची? काकांनी पान बघितलं. खूप वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, लहानपणी मी तुमच्याकडचा कप फोडला तेव्हा बघितलेलं ना, तसं. आणि म्हणाले, "हो साहेब, माझीच." ब्रेकबद्दल त्या दिवसापासून त्यांनी तोंड उघडलं नाही. वकिलापुढे नाही, तुझ्यापुढे नाही. तूच माझ्याकडे येऊन रडलीस, की बाबांनी न तपासता सही ठोकली आणि वर खोटं बोलले, आता त्यांच्याशी बोलायचीच इच्छा होत नाही. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या हाताला लाज कशी वाटली नाही? अहवालात चालकाचा हलगर्जीपणा, मालकाने सर्व नियम पाळल्याचं कागदोपत्री दिसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी माझ्या सुंदर अक्षरात लिहून दिलं. या सप्टेंबरमध्ये काका गेले आणि खटला बंद झाला. आरोपी मयत. त्यांचं नाव साफ व्हायची वाटही त्यांच्याबरोबर गेली.

शेठ बरे आहेत. नवीन सहा बसेस आल्या. मी अजून तिथेच आहे, हे सांगायलाही तोंड नाही. अपघातानंतर मी वही गाडीत ठेवायचा आग्रह धरला, तो तीन आठवडे टिकला. मग ड्रायव्हरच म्हणायला लागले, "मॅडम, एक तारखेला सगळं साइन करून घ्या ना, परत परत कोण येणार." या महिन्याच्या एक तारखेला पंधरा जणांनी पंधरा पानं भरून दिली. मी घेतली. माझ्याने काही बदलेल असं मला आता वाटत नाही. पोलीस ठाण्यापर्यंत मी तीनदा गेले, बाहेरच्या टपरीवर चहा घेतला आणि घरी आले. माझ्यात ते नाही, मृणाल. असतं तर काका जिवंत असतानाच दिसलं असतं.

आता तुझा कागद. अकरा एप्रिलला संध्याकाळी सातला शेठ साखरपुड्याच्याच कपड्यांत ऑफिसात आले आणि त्यांनी काकांचं पान मागितलं. त्यावर एक तारखेपासून तीस तारखेपर्यंत सह्या होत्या. शेठ शांतपणे म्हणाले, "बारा तारखेला गाडी आहे कुठे तपासायला? हे पान फाड, नवीन कर, अकरापर्यंतच." नवीन पानावर काकांची सही मी केली. अकरा वेळा. तीन वर्षं रोज बघितलेली सही, सहज जमली. पोलिसांनी काकांपुढे ठेवलं ते हेच पान. आपण आख्खा महिना भरून दिलेला आणि इथे अकराच सह्या, म्हणजे त्या कोणी केल्या हे त्यांना त्याच क्षणी कळलं, आणि मला वाचवण्यासाठी त्यांनी त्या आपल्या म्हटल्या. तुझे बाबा तुझ्याशी खोटं बोलले नव्हते. खोटं ते फक्त एकदाच बोलले, माझ्यासाठी. फाडलेलं पान जाळून टाक असं शेठ म्हणालेले. मी ते माझ्या दहावीच्या मार्कशीटमागे लपवलं. या पत्रासोबत तेच आहे, आणि अकरा सह्या माझ्या आहेत असं मी पानाच्या मागे लिहून खाली सही केलीय. ते पोलिसांकडे ने, कोर्टात ने, रसिकाच्या घरी ने, मी नाकारणार नाही. वरातीमागून घोडं आहे, मला ठाऊक आहे. तू एक सही मागितलीस, यात एकोणतीस आहेत. चौदा तारखेची ओळ रिकामी दिसेल. सह्या करता करता तिथे ते थांबले होते आणि म्हणाले होते, "जयंतीला मी सुट्टीवर असतो गं. ज्या दिवशी मी नाही, त्या दिवशीची खोटी सही कशाला?"

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क मी घालवला, तरीही
तुझीच
सोनल