तिसरा बाण

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की मानवतच्या आपल्या शाळेत तुम्हाला पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही. मी परभणीत तुमचाच विषय शिकवते. घर्षणरहित उताराचा धडा आला की दरवर्षी तुमचा तो तास आठवतो. रसवंतीवरून तुम्ही फडक्यात गुंडाळून बर्फाचा तुकडा आणला होता. खिडकीची एक काच टेबलावर तिरपी टेकवलीत, आम्हाला गप्प बसायला सांगितलंत आणि वरून तो तुकडा सोडलात. तो सरसर खाली गेला, पण आवाज झाला नाही. घासायलाच काही नसलं तर आवाज कशाचा येणार, असं तुम्ही म्हणालात. मग मला फळ्यापाशी बोलावलंत. मी तुकड्याचं वजन सरळ खाली दाखवलं, काचेचा रेटा काचेशी काटकोनात दाखवला आणि उताराच्या दिशेनं आणखी एक बाण काढला. तुम्ही तो बोटानं पुसलात.

"हा तिसरा कुणाचा गं? ढकलायलंय कोण?"

तुम्हीच मग समजावलंत. बलं दोनच. वजनाचा एक हिस्सा काच पेलते, उरलेला हिस्सा वस्तूला उतारावरून खाली नेतो. ढकलायला तिथं कुणी लागत नाही, आणि अडवायलाही कुणी नसतं. हे शेवटचं तुम्ही इतक्या हळू बोललात की मागच्या बाकांवर ते पोचलंही नसेल.

मी कॉलेजात होते तेव्हा तुमची बातमी आली. पोखर्णीच्या वाटेवर, कॅनॉलमध्ये. मोटारसायकल काठावर उभी होती. तोंड धुवायला उतरले असतील, शेवाळावरून पाय सटकला असेल, असं लोक म्हणाले. पाहिलेलं कुणीच नव्हतं.

मागच्या शनिवारी मी आणि माझी लेक स्कूटीवर पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो. परत येताना भर दुपारी त्याच कॅनॉलपाशी ती थांब म्हणाली, नारळाच्या पाण्यानं तिचे हात चिकट झाले होते. मी गाडी स्टँडवर लावेपर्यंत चप्पल काढून ती उतरलीसुद्धा. मी वळून बघते तर ती उभ्या उभ्या खाली निघालेली. ओरडत नाही. हात पसरलेले, मान वळवून माझ्याकडे बघतेय, आणि आवाज कसलाच नाही. सिमेंटच्या त्या हिरव्या उतारावरून माझी वीस वर्षांची पोर बर्फासारखी चाललीय. सर, आई असून त्या क्षणी मला गणित आठवलं. मागून सुटलेली वस्तू पुढचीला अशा उतारावर कधीच गाठत नाही, जड असो की हलकी. मधलं अंतर वाढतच जातं. मी तिच्यामागे उडी टाकली असती तर फक्त तिच्यामागून बुडाले असते. म्हणून मी अंगावरची साडी सोडली, एक टोक काठावरच्या लोखंडी खांबाला बांधलं आणि दुसरं फेकायला वळले.

ती थांबली होती. पाण्याच्या जरा वर, उतारावर, ताठ उभी. मी साडी फेकली, ती तिनं मनगटाला गुंडाळली, आणि मी तिला वर ओढून घेतलं. मी तशीच परकरावर तिला धरून उन्हात बसले. मग तिनं विचारलं, "आई, तुला खाली कोण दिसलं का?"

मी म्हटलं, कोण दिसणार?

"माझ्या पायाखाली हात होते गं. दोन्ही तळव्यांखाली."

मी काठावरून वाकून पाहिलं. शेवाळात तिच्या टाचांच्या दोन रेघा खाली गेल्या होत्या आणि मध्येच संपल्या होत्या. तिथं दगड नव्हता, भेग नव्हती, कोरडी जागाही नव्हती. त्याखालचं शेवाळ गुळगुळीत आणि अखंड होतं. घरी आल्यावर मी तिचे तळवे चोळत बसले. संध्याकाळपर्यंत ते गार होते. बाकी अंग गरम होतं.

सोमवारी वर्गात उतार काढला, दोन बाण काढले आणि खडू तिथंच थांबला. पोरं वाट बघत होती. तिसरा काढायचा झाला तर तो उताराच्या वरच्या बाजूला जाईल, पण निघाला कुठून म्हणून दाखवू? मी फळा पुसला आणि पुढचं उदाहरण घेतलं.

एवढं लिहून झालं तेव्हा वाटलं, कागद कॅनॉललाच नेऊन सोडावा. काल शाळा सुटल्यावर एकटीच गेले. ऊन कलायला लागलं होतं, रस्त्याला कुणी नव्हतं. कागद हातातच राहिला, तो परत आणला आणि आता या शेवटच्या ओळी घरी बसून लिहितेय. पण तिथं काठावर उभी राहून मी तुम्हाला हाक मारली होती, सर. एकदाच, आणि जरा हळूच. पाणी वाहत होतं. ओ आली नाही. खरं सांगते, मला हायसं वाटलं.